पूड वर चढत नाही

१

लोकांना नावं ठेवायचा मला पगार मिळतो. हा विनोद माझ्या धाकट्या बहिणीचा आणि भेटेल त्याला ती तो ऐकवते. खरं म्हणजे मी एका संग्रहालयात जुन्या व्यक्तिचित्रांच्या विभागात काम करते. चित्र समोर असतं, चित्रकार कोण तेही बहुतेक वेळा कळतं. पण चित्रात बसलेलं माणूस कोण हे दोन-अडीचशे वर्षांत सगळेच विसरलेले असतात. ते घरच्यांना ठाऊक होतं, म्हणून तर कुणी लिहून ठेवलं नाही. आपण तरी घरातल्या फोटोंमागे नावं कुठे लिहितो? मग माझ्यासारखीनं बसायचं आणि कपड्यांवरून, केसांच्या ठेवणीवरून, मुख्य म्हणजे कानांवरून शोधून काढायचं. चित्रकार नाक सरळ करतो, हनुवटी आटोपशीर करतो, बाईचं वय सोयीनं कमी करतो. कानाची खुशामत करावी असं मात्र कुणाला सुचत नाही, त्यामुळे कान खरा राहतो.

आमच्या विभागात एक रीत आहे. नाव सापडलं की ‘नाव लागलं’ म्हणायचं. ‘ओळख पटली’ म्हणायचं नाही. माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात हे बजावलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “ओळख पटते ती मुडद्याची. वर्तमानपत्र वाचत नाहीस का?” मला त्यात काही अर्थ दिसला नाही, पण पाळायला कष्टही पडत नव्हते. म्हणून पाळत आले.

बहिणीला आम्ही घरात बारकी म्हणतो. म्हणजे आता मीच म्हणते, कारण घरात दुसरं कुणी उरलेलं नाही. माझं लग्न झालं नाही, तिचं टिकलं नाही. संग्रहालयापासून दोन गल्ल्यांवर चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती गिऱ्हाइकांच्या नाकावर चौकटी बसवून देते. दिवसभर मी मेलेल्यांचे चेहरे बघायचे, तिनं जिवंतांचे, आणि संध्याकाळी दोघींनी मिळून सगळ्यांची टिंगल करायची, असं आमचं बरं चाललं होतं.

२

ते चित्र वर्षानुवर्षं कोठारात पडून होतं. पेस्टल, अठरावं शतक, ‘अनोळखी स्त्री’. आमच्या साहेबांनी प्रदर्शनासाठी ते बाहेर काढलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायला सांगितलं. “बाई, हिला एक नाव द्या,” ते म्हणाले. “अनोळखी बाईसमोर लोक थांबत नाहीत.”

पेस्टल म्हणजे रंगीत खडू. कागदावर खडू घासायचा, बोटानं पसरायचा, झालं चित्र. वर तेल नाही, रोगण नाही. पूड कागदाच्या लवेत नुसती अडकून असते. जोरात दार आपटलं तरी थोडी झडते. म्हणून अशी चित्रं काचेमागे ठेवतात, आडवी नेतात आणि त्यांच्याजवळ खोकलासुद्धा जपून खोकतात. कितीही जपलं तरी थोडी पूड सुटतेच आणि चौकटीच्या खालच्या खाचेत काचेच्या आतून साठत जाते. त्या साठलेल्या पुडीवरून चित्रानं किती सोसलंय ते कळतं.

हिनं बरंच सोसलं होतं. राखाडी निळा झगा, गळ्यात काळी फीत, खुर्चीची उंच पाठ, हे सगळं काल काढल्यासारखं होतं. झिजला होता तो चेहरा. जवळजवळ समोरून काढलेला, मान किंचित कललेली. उजवी बाजू दिसत होती. डाव्या गालावरची पूड झडून खालचा निळसर कागद उघडा पडला होता, आणि डाव्या कानाचा नुसता भास उरला होता. खाचेत गुलाबी-करड्या पुडीची चांगली बोटभर जाड रेघ साचली होती. सगळा चेहराच खाली गोळा झाला होता म्हणा ना.

फोटो काढायला आमचा छायाचित्रकार आला. त्याला सगळे उजेड्या म्हणतात, कारण कुठल्याही खोलीत शिरताक्षणी तो “उजेड कुठाय?” असं विचारतो. त्यानं चित्राचे फोटो काढले आणि सहज म्हणाला, “कुठेतरी बघितलंय हिला.”

“सगळ्यांनाच तसं वाटतं,” मी म्हटलं. खरंच, त्या चेहऱ्याचं तसं होतं. साहेबांनाही ती कुणासारखी तरी वाटली होती, पण कुणासारखी ते आठवेना.

३

माझी अडचण कानांची होती. उजवा कान वर होता, डावा जिथे असावा असं वाटत होतं ती जागा बरीच खाली. हा बाईचा दोष की मान कलल्याचा परिणाम, हे कळल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या चित्राशी ताडून बघण्यात अर्थ नव्हता. मला वाटलं, कानांचं दुखणं, वैद्य घरातच आहे. दुपारच्या सुट्टीत बारकीला बोलावून घेतलं.

ती आली, डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि चित्रासमोर वाकली. “ताई, हिला चष्मा करून द्यायचा असता तर डावी काडी वाकवावी लागली असती.”

“ते मान कलल्यामुळे दिसत असेल.”

“अगं, मान कलली तर डोळेपण कलतील ना. डोळ्यांची रेघ बघ, कानांची बघ. माझ्यासारखी आहे ही. माझे पण वर-खाली आहेत.”

हे मला ठाऊक होतं. लहानपणी मी तिला त्यावरून रडवलेलं आहे. मग आमच्या धंद्यात करतात तेच मी केलं. जिवंत माणूस त्याच उजेडात, त्याच पवित्र्यात बसवून बघायचं. उत्तरेच्या खिडकीसमोर उंच पाठीची खुर्ची ठेवली, शेजारच्या घडवंचीवर चित्र ठेवलं आणि बारकीला खुर्चीत बसवलं. “हनुवटी खाली. मान थोडी उजवीकडे. हसू नकोस.”

“नावं ठेवणाऱ्या बाईंसमोर हसायची कुणाची टाप आहे?” ती हसलीच.

उजेड्यानं तिचा फोटो काढला आणि संगणकावर दोन्ही चेहरे एका मापाचे करून एकावर एक ठेवले. काम करताना तो सतत काहीतरी गुणगुणत असतो. ते थांबलं म्हणून मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. डोळ्यांचे कोपरे, नाकाचा खालचा काठ, ओठांची फट, उजव्या कानाची वळी, सगळं एकमेकांवर बसलं होतं. डाव्या बाजूला, जिथे चित्रात काहीच नव्हतं, तिथे बारकीचा गाल आणि कान चपखल भरले होते.

“झालं!” मी टाळी वाजवून म्हटलं. “ओळख पटली!”

बारकी खुर्चीतून उठली आणि तिनं झगा दोन्ही हातांनी उचलून धरल्याचा आविर्भाव केला. “इतकी वर्षं कोठारात डांबून ठेवलंत मला? लाज नाही वाटत?” उजेड्या म्हणाला की योगायोग असतो, देवाकडे तरी साचे असून असून किती असणार. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मला फार मजा वाटली होती, अभिमानही वाटला होता. एवढ्या जुन्या चित्रात आपली बारकी!

४

पुढच्या आठवड्यात सकाळी मी टेबलाशी बसले आणि सवयीनं चौकटीच्या खाचेकडे बघितलं. पुडीची रेघ बारीक झाली होती.

आधी वाटलं, नजरेचा दोष. मग भिंग घेतलं. रेघ खरोखरच बारीक झाली होती. चौकट कुणी उघडली असेल म्हणून चित्र हलक्या हातानं वळवून मागची बाजू बघितली. कडांना लावलेली जुनी कागदी पट्टी जशीच्या तशी होती, वर धूळही तशीच. पूड पडते. आणखी पडते. खाचेतली रेघ वाढत जाते. इतकी वर्षं या धंद्यात आहे, ती कमी झालेली मी कधी बघितली नव्हती. पूड काही वर चढत नाही.

चित्राच्या डाव्या गालावर आता कागद दिसत नव्हता. गुलाबी रंगाचा एक पातळ हात तिथे फिरल्यासारखा दिसत होता. मी उजेड्याला बोलावलं. त्यानं आधीचा फोटो काढून बघितला, चित्राकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं.

“उजेड बदललाय,” तो म्हणाला.

दिवस थंडीचे होते, आभाळ रोज भरलेलं असायचं. उजेड बदलला होता हे खोटं नव्हतं. मी ते कारण हातात धरलं आणि सोडलं नाही. माणसाला कारण मिळालं की बरं वाटतं. ते पटलं पाहिजे असं थोडंच आहे?

त्या संध्याकाळी घरी गेले तर बारकी फोन तोंडासमोर धरून बसली होती. कधी दिव्याखाली जायची, कधी चष्मा काढायची, कधी केस मागे घ्यायची.

“ताई, बघ ना. फोनच ओळखत नाही मला.”

“म्हातारी झालीस.”

“तू गप गं.” तिनं शेवटी आकडे दाबून फोन उघडला. मी पुन्हा तिचा चेहरा त्यात नोंदवून दिला. सकाळी परत तेच.

५

मग दुकानातून एकेक गोष्टी घरी यायला लागल्या. ती त्या हसत सांगायची, ताटं पुसत पुसत. जुनी गिऱ्हाइकं येतात आणि विचारतात, “इथे बसायच्या त्या बाई कुठे गेल्या?” ती म्हणते, “मीच की.” तर म्हणतात, “तुम्ही नाही हो, त्या!” एकदा मालक मागच्या खोलीतून बाहेर आले आणि गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या बारकीला म्हणाले, “बोला बाई, काय दाखवू?”

“आणि मग?”

“मग काय? मी म्हटलं, रजा दाखवा.” ती हसली. पण एकच ताट ती केव्हापासून पुसत होती.

समोरच्या घरातल्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, “तुमच्याकडे पाहुण्या आल्यात का? आणि बारकी गावाला गेली वाटतं?” मी म्हटलं, बारकीनं केस कापलेत. कापले नव्हते. खोटं बोलून घरात आले आणि दार लावून घेतलं.

मी खरोखर ठरवून विचार केला. बारकी वाळली असेल. आजारी असेल. या वयात बायकांचे चेहरे बदलतात, माझाही बदलला. तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे, जीभ, रक्त सगळं तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. निघताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “या तुमच्या कोण?”

“बहीण. सख्खी.”

“असं का? दिसत नाही,” ते म्हणाले. आजवर ज्यांनी ज्यांनी आम्हाला बघितलं, ते म्हणायचे की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

संग्रहालयातल्या त्या बाईला आता डावा कान आला होता. वर-खाली, अगदी हवा तसा. खाचेत पूड जवळजवळ उरली नव्हती. मी चित्रावर कापड टाकून ठेवायला लागले. साहेबांनी कारण विचारलं. उजेडानं रंग उडतात म्हणून सांगितलं.

६

तोवर मला ती दिसत होती. हे लिहायला हवं. जग ओळखत नव्हतं, पण मला बारकी बारकीच दिसत होती. तेवढ्या आधारावर मी उभी होते.

एके दिवशी दुपारी मी बाहेर पडले. औषधाच्या दुकानापाशी समोरून एक बाई आली. आमची नजरानजर झाली. माणसं रस्त्यात एकमेकांना जेवढं बघतात तेवढं मी तिला बघितलं आणि पुढे गेले.

“ताई!”

आवाज बारकीचा होता. मी वळले. ती बाई उभी होती, हातात आमची कापडी पिशवी होती, आणि तिचं तोंड मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. त्या चेहऱ्यात काही वावगं नव्हतं. नाक नाकाच्या जागी, डोळे डोळ्यांच्या जागी. वाईट एवढंच होतं की नजर हटली की तो आठवत नव्हता. परत बघितलं की परत नवा. मी, चेहरे ओळखण्यात केस पांढरे केलेली बाई, रस्त्यात उभी राहून तिचे कान बघत होते. दोन्ही एका रेषेत होते. फूटपट्टी लावून काढल्यासारखे सरळ.

“तूसुद्धा?” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. वास तिचा होता. डोळे मिटले की सगळं तिचं होतं. घरी येईपर्यंत तिचा हात धरून मी खाली मान घालून चालले.

पण घरात डोळे मिटून किती वेळ वावरणार? परक्या माणसासमोर येतो तसा अवघडलेपणा माझ्या अंगात यायला लागला. मी पदर सावरायला लागले. न्हाणीघराला आतून कडी लावायला लागले, जी आमच्या घरात कुणी कधी लावली नव्हती. कडीचा आवाज झाला की बाहेर तिची पावलं थांबायची. मला माझीच किळस यायची, तरी हात कडीकडे जायचा.

आणि एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर अंधारून आलं आणि माझ्या मनात आलं, बारकी अजून कशी आली नाही? मी फोन लावला. तो पलीकडे टेबलाशी बसलेल्या बाईच्या हातात वाजला. तिनं तो उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिली. फोन वाजत होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी कुणाचं आहे ते मला ठाऊक होतं, पण ओळखीचं वाटत नव्हतं.

मला माझी बारकी परत हवी होती. बाकी कशाशी मला देणंघेणं उरलं नाही.

७

मला वाटलं, चित्रातल्या बाईला तिचं स्वतःचं नाव मिळालं तर ती दुसऱ्याचं सोडेल. मी दिवसाचं सगळं काम बाजूला सारलं. त्या चित्रकारानं आणखी कुणाकुणाला बसवलं होतं ते शोधलं. एका न्यायाधीशाची विधवा, एका व्यापाऱ्याची सून, एक गायिका, ज्यांची ज्यांची दुसरी चित्रं मिळाली ती एकेक ताडून बघितली. एकीचाही कान जुळेना. जुळणार कसा? समोर चित्रात बारकी बसली होती. बारीक तीळ, चष्म्यानं नाकावर उमटणारे दोन व्रण, सगळं खडूत उतरलं होतं. त्या काळच्या बाईच्या नाकावर चष्म्याचे व्रण!

मग मी काच काढायचं ठरवलं. पेस्टलची काच काढली की तिच्या आतल्या बाजूला चित्राची पुसट छाया आलेली दिसते. वर्षानुवर्षं सुटणारी पूड तिथे चिकटते. मूळ चेहरा निदान तिथे तरी राहिला असेल, असा माझा होरा होता. उजेड्याला बुरशी तपासायची आहे म्हणून सांगितलं. आम्ही चौकट टेबलावर आडवी ठेवली, पट्टी कापली आणि काच सरळ वर उचलली. मी टेबलावर काळं मखमली कापड अंथरलं आणि काच त्यावर धरली.

झग्याची छाया एकच होती. फितीची एकच. खुर्चीच्या पाठीची एकच, स्वच्छ.

चेहऱ्याच्या जागी मात्र गर्दी होती. एकीच्या डोळ्यांखाली दुसरीचे डोळे होते, त्यांच्यामध्ये तिसरीचे. काच थोडी कलती केली की एक हनुवटी मागे सरायची आणि दुसरी पुढे यायची. कान तर मोजता येईनात. लांब पाळीचे, चिकटलेले, टोक दुमडलेले, एक तर अगदी कोवळा, मुलीचा. सगळ्यांची तोंडं किंचित उघडी होती. चित्रातल्या बाईचं तोंड मिटलेलं होतं.

उजेड्यानं काचेचं आपलं टोक हळूच टेबलावर टेकवलं. “मी खाली आहे,” तो म्हणाला. “काही लागलं तर हाक मारा.” जाताना त्यानं उजेडाबद्दल काही म्हटलं नाही.

मी बराच वेळ तिथे बसून होते. खरी बाई कुणीच नव्हती, किंवा होती ती केव्हाच काचेवर गेली होती. चित्रकारानं एक झगा काढला होता, एक खुर्ची काढली होती, बाकी जागा भरत गेल्या होत्या. नवी आली की आधीची सुटत होती. पण घरी परत जात नव्हती, काचेला चिकटत होती. त्यांच्या घरी तेव्हा कुणी कुणी दाराला आतून कड्या लावल्या असतील?

आणि मग डोक्यात आलं की काच आता माझ्या हातात होती. चिकटायला काच नसेल, तर सुटलेली जाईल कुठे?

८

मी बारकीला सगळं सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगितलं, कारण तसं बोलणं सोपं जायचं.

“मग पुसून टाक ना,” ती म्हणाली. “खडूच आहे. ओलं फडकं घे आणि पूस.”

“आणि तूच पुसली गेलीस तर?”

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “दुसऱ्या कुणाला तिथे बसवायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

“दुसऱ्या कुणाला नाही. मी बसते.”

“वेड लागलंय तुला? आणि मग तुझं काय?”

“अगं, काच नाहीये. तू सुटशील आणि मला पकडायलाही काही नसेल. सगळी पूड खाली पडेल, साहेब माझा कान उपटतील, आणि आपण दोघी घरी जाऊ.” हे मला निम्मं पटलं होतं. निम्मं तिला पटावं म्हणून म्हटलं. “ओळख पटली असं मात्र तूच म्हणायला हवं, तुझ्या वेळी मी म्हटलं होतं तसं. मला ओळखणारं दुसरं आहे कोण?”

संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. दालनांतून आमच्याच पावलांचे आवाज येत होते. मी चित्र घडवंचीवर उघडंच उभं केलं, खाली काळं कापड अंथरलं आणि काच दुसऱ्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. खिडकीतून राखी उजेड येत होता. मी खुर्चीत बसले. हनुवटी खाली, मान थोडी उजवीकडे.

ती समोर उभी राहिली. एकदा माझ्याकडे बघायची, एकदा चित्राकडे.

“दिसते का माझ्यासारखी?” मी विचारलं.

“नाही.” मग ती एक पाऊल पुढे आली. “थांब. हलू नकोस.” तिचा श्वास मला ऐकू येत होता. “ताई, डोळे... अगं, डोळे तुझे व्हायला लागलेत. ताई, मला नको हे. आपण जाऊ या घरी.”

“म्हण, बारके.”

“ताई—”

“म्हण!” मी ओरडले. लहानपणी ओरडायची तशी.

“ओळख पटली,” ती म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आवाज काहीच झाला नाही. चित्रातून गुलाबी धुरळ्याचा एक झोत सुटला आणि काळ्या कापडावर बसला. क्षणभर त्या काळ्या फितीच्या वर नुसता निळा कागद होता. मग तिनं तोंडावरून हात काढले.

बारकी होती. माझी बारकी. नाकावरचे दोन लाल व्रण, भुवईशेजारचा तीळ, रडण्याआधी थरथरणारा वरचा ओठ. इतकं सुंदर मी आयुष्यात काही बघितलेलं नाही. किती चित्रं बघितली, सगळी झक मारतात. मी खुर्चीतून उठले, तिचा चेहरा माझ्या दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं रडले. “बारके, आलीस गं! आलीस!”

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे पुसले. मग हलकेच, मला वाईट वाटणार नाही अशा बेतानं, माझे हात आपल्या गालांवरून बाजूला केले आणि हसली. हे हसू मला ठाऊक होतं. दुकानात पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाला ती असंच हसते.

“तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” तिनं विचारलं. “पाणी देऊ?”

“बारके, अगं मी आहे.”

“हो, हो. बसा ना तुम्ही.” तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग ती दालनाच्या दाराकडे बघायला लागली, आधी सहज, मग मान उंच करून. मी चित्राकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

“माझी ताई आत्ता इथेच होती,” ती म्हणाली. “येईलच एवढ्यात.”

तिच्यासाठी दुसरी खुर्ची मी शेजारी ओढून घेतली. मग आम्ही दोघी ताईची वाट बघत बसलो.